निबंध वाचतं कोण?

बी.एड.च्या सराव पाठांमध्ये एक पाठ निबंधाचा असतो. त्याचं टाचण पिढ्यान्‌पिढ्या साधारण एकाच साच्यातलं. छात्राध्यापिका वर्गात येते, काळ्या ढगांचं चित्र फळ्याला लावते आणि ‘मुलांनो, या चित्रात काय दिसतं?’ असं विचारते. मुलं एका सुरात ‘पाऊस’ म्हणतात. लगेच हेतुकथन होतं: आज आपण ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध कसा लिहायचा ते पाहणार आहोत. मग प्रश्नोत्तरं, त्यांतून फळ्यावर मुद्दे, सुरुवातीला घालायला कवितेची एखादी ओळ, शेवटी घालायला एखादं सुभाषित. घंटा व्हायच्या आत गृहपाठ: या मुद्द्यांवरून निबंध घरून लिहून आणा. मागच्या बाकावरचे मार्गदर्शक प्राध्यापक फलकलेखन, आवाज, वर्गनियंत्रण, शैक्षणिक साधनं यांबद्दल शेरे लिहितात आणि पाठ चांगला झाला असं ठरतं. या सबंध तासात एकाही मुलानं काही लिहिलेलं नसतं.

छात्राध्यापिकेला यात दोष देता येणार नाही. तिलाही शाळेत निबंध असाच शिकवला गेला होता. अध्यापनपद्धतीच्या पुस्तकांत श्रवण, भाषण, वाचन, लेखन ही चार कौशल्यं ओळीनं येतात. लेखनाच्या प्रकरणात अक्षराचं वळण, अनुलेखन, श्रुतलेखन, शुद्धलेखन यांना भरपूर जागा मिळते आणि स्वतःचं काही लिहिण्याचा विषय प्रकरणाच्या शेपटाला उरकला जातो. लेखन म्हटलं की आधी अक्षर डोळ्यांपुढे येणं ही आपली जुनीच खोड आहे. दासबोधाच्या 19व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं, ठसठशीत, ओळी सरळ आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच टाकानं लिहिल्यासारखं सगळं एकसारखं, अशी त्यातली अपेक्षा. समर्थांच्या काळी पोथ्या नकलूनच टिकायच्या, तेव्हा ती अपेक्षा रास्तच होती. छापखाना येऊन दोनशे वर्षं उलटली तरी आमची मुलं मात्र अजून नकलाच करताहेत. कधी फळ्यावरच्या मुद्द्यांच्या, कधी गाइडमधल्या निबंधाच्या, आणि आता मोबाइलला विषय सांगितला की तो अर्ध्या मिनिटात जे लिहून देतो त्याच्या.

परीक्षेत लेखनाला किंमत नाही, असंही म्हणता येत नाही. दहावीच्या कुमारभारतीच्या 80 गुणांच्या प्रश्नपत्रिकेत उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत. पत्र किंवा सारांश 6, जाहिरात-बातमी-कथा यांतल्या दोन कृतींना 10, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन 8. धड्यांवर विचारलं जातं त्यापेक्षा हे वजन जास्तच भरतं. पण वर्गात हे 24 गुण ‘कसे मिळवायचे’ ते शिकवलं जातं. पत्रात ई-मेल आयडी कुठे, दिनांक कुठे, जाहिरातीला चौकट हवी, आत्मकथनाची सुरुवात ‘ओळखलंत का मला?’नं करावी. फाटक्या पुस्तकापासून पडक्या किल्ल्यापर्यंत महाराष्ट्रातल्या समस्त निर्जीव वस्तू गेली कित्येक वर्षं हाच एक प्रश्न विचारत आल्या आहेत.

घरी, गृहपाठाच्या नावाखाली जे काही होतं ते शिक्षकाला दिसतच नाही. कोरा कागद आणि भरलेला कागद यांच्या मधला सगळा वेळ त्याच्या नजरेआड जातो. जगभर हे असंच चालत आलं होतं. 1971मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी जॅनेट एमिग या अमेरिकन अभ्यासिकेनं शिकागो परिसरातल्या बारावीच्या आठ विद्यार्थ्यांना आपल्यासमोर लिहायला बसवलं आणि लिहिता लिहिता डोक्यात जे येईल ते मोठ्यानं बोलायला सांगितलं. आधी आराखडा, मग लेखन, मग तपासणी ही पाठ्यपुस्तकातली शहाणी वाट त्यातलं कोणी धडपणे चालत नव्हतं. मुलं थांबत, मागचं वाचत, पुढचं बदलत. शाळेसाठी लिहिताना ती पटकन उरकत. स्वतःसाठी लिहिताना मात्र रेंगाळत, पुनःपुन्हा फिरवून बघत. आठ मुलांवरून जगाचा कायदा ठरत नाही, पण लिहिताना काय होतं ते बघायचं असेल तर लिहिणाऱ्याजवळ बसावं लागतं एवढं त्यानंतर कोणाला नाकारता आलं नाही.

आठ वर्षांनी सॉन्ड्रा पर्ल यांनी लेखनात कच्च्या समजल्या जाणाऱ्या पाच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना असंच पाहिलं. ही मुलं दुरुस्त्या करत नसतील असा समज होता. प्रत्यक्षात ती दर दोन-चार शब्दांनी थांबून दुरुस्त्याच करत होती, आणि त्या खटपटीत सांगायच्या गोष्टीचा धागा हातातून सुटत होता. हे वाचताना मला आमच्याकडची पाचवी-सहावीची मुलं आठवतात. ‘विहीर’मधला ‘ही’ दीर्घ, पण ‘विहिरीत’मधला ऱ्हस्व. हे का, ते सरांनी सांगितलेलं असतं, पण ऐन वेळी आठवत नाही. मुलगा पेन्सिल चावत बसतो, खोडरबर घेतो, खोडतो, पुन्हा लिहितो. वेलांटी एकदाची जागेवर बसते, तोवर विहिरीत कोण पडलं होतं ते त्याच्या डोक्यातून गेलेलं असतं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम 1962मध्ये आले, 1972मध्ये आणखी 4 आले. नियम हवेतच. फक्त ते पहिल्या वाक्याच्या आधीच दारात येऊन उभे राहिले तर आत कोणी शिरत नाही.

आता वही तपासण्याकडे येऊ. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत पाचवीतल्या मुलीच्या वहीत मला हा निबंध दिसला. विषय नेहमीचा, ‘माझा आवडता प्राणी’.

‘माझा आवडता प्राणी शेळी आहे. शेळीला चार पाय, दोन कान व एक शेपूट असते. शेळी हा पाळीव प्राणी आहे. तिच्यापासून आपल्याला दूध मिळते. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. आमची शेळी रात्री येली. लाईट नव्हती. आजी म्हणली मोबाईल धर. मी धरला. एक करडू झालं ते हाललं नाही. मग आजीने त्याच्या नाकात फुंकर मारली. मग ते शिंकलं. शेळी हा उपयुक्त प्राणी आहे. म्हणून मला शेळी आवडते.’

‘येली’, ‘म्हणली’ आणि ‘हाललं’ यांभोवती लाल गोल होते. खाली शेरा: विषयाला धरून लिही, शुद्धलेखन सुधार. शेरा देणाऱ्या बाई कामसू होत्या, वह्या वेळेवर तपासणाऱ्या होत्या. तपासणीत त्यांची चूक काढता येणार नाही. त्यांनी ती वही वाचली नव्हती, एवढंच.

वाचायचं म्हणजे काय, ते या चौदा वाक्यांवर दाखवता येतं. पहिली पाच वाक्यं कोणाचीच नाहीत. ती महाराष्ट्रातल्या कुठल्याही वहीत सापडतील. सहाव्या वाक्याला मुलगी घरी येते. वाक्यं एकदम आखूड होतात. ‘लाईट नव्हती.’ ‘मी धरला.’ त्या रात्री श्वास जसा चालला असेल तशी. ‘मग’ दोनदा आलाय, तो काढायचा नाही, कारण दोन्ही वेळी काहीतरी घडायची वाट पाहणं त्यात आहे. मेलेलं वाटणारं करडू शिंकतं आणि तिथेच मुलीला शाळा आठवते. ती घाईघाईनं ‘उपयुक्त प्राणी’ म्हणून दार लावून घेते. शिंकल्यानंतर आजी काय म्हणाली? बाईंनी वहीत एवढा एकच प्रश्न लिहिला असता तर मुलीनं आणखी पाच ओळी लिहिल्या असत्या याची मला खात्री आहे. आणि दुसऱ्या खेपेला ‘हे सगळं “लाईट नव्हती”पासून सुरू केलं तर?’ असं विचारलं असतं, तर निबंधाची सुरुवात कशी करावी हे फळ्यावरच्या मुद्द्यांपेक्षा तिला कितीतरी चांगलं कळलं असतं. ‘म्हणली’चं ‘म्हणाली’ तिसऱ्या खेपेला करता येतं. ते आजीच्या गोष्टीत राहू द्यावं की नाही हेही तेव्हा तिच्याशीच बोलता येतं. ‘येली’ हा तर तिच्या घरचा चोख शब्द आहे. पुस्तकात ‘व्याली’ लिहितात हे तिला जरूर सांगावं, पण घरी चुकीचं बोलतात असं सांगू नये.

शिक्षकांचे शेरे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झालेला आहे. नॅन्सी सॉमर्स यांनी 1982मध्ये 35 शिक्षकांचे शेरे तपासले. बहुतेक शेरे या निबंधावरून उचलून त्या निबंधावर चिकटवले तरी चालतील असे निघाले, रबरी शिक्क्यासारखे. आमच्याकडे कोणी हा उद्योग केला तर ‘छान’, ‘मुद्दे वाढव’, ‘अक्षर सुधार’ आणि ‘पालकांची सही आणणे’ या चार शिक्क्यांत काम भागेल.

चुकांकडे कसं बघावं हे मी मिना शॉनेसी यांच्या पुस्तकातून शिकले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजनं 1970मध्ये सगळ्यांना दार उघडलं, तेव्हा ज्यांच्या घरात कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं अशी हजारो मुलं आत आली. त्यांची प्रवेशाच्या वेळची लेखनं बघून प्राध्यापकांनी हात टेकले. शॉनेसी बाईंनी चारेक हजार निबंध वाचून काढले आणि 1977मध्ये चुकांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की या चुका आळशीपणाच्या नाहीत. बहुतेक चुकांमागे विद्यार्थ्यानं स्वतःशी बांधलेला एखादा नियम असतो. मराठीतलं उदाहरण घ्या. ‘आणी’ असं लिहिणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ हा नियम त्यानं पाणी, गाणी, राणी यांवरून बरोबर पकडलेला असतो. ‘आणि’ हा अपवाद आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. गोल करून सोडून दिलं की त्याला कळतं, नियम पाळला तरी मार बसतो. ‘तुझा नियम बरोबर आहे, हा एक शब्द त्यातून सुटलाय’ असं म्हटलं की तेच मूल ‘परंतु’, ‘तथापि’ असे आणखी सुटलेले शब्द हुडकायला लागतं. हे सांगायला शिक्षकाला व्याकरण पक्कं यावं लागतं, म्हणजे ‘शुद्धलेखनाचा बाऊ नको’ म्हणणाऱ्यांना वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त.

फलटणला मराठी शिकवण्याचं मोठं काम उभं करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन मुळात भाषाशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांचा पीएच.डी.चा विषय फलटणच्या लोकांची बोलण्याची मराठी हाच होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. लोक कसे बोलतात ते आधी ऐकलं, शाळा नंतर काढली.

पण मूल लिहितं ते कशासाठी? मराठीतल्या शालेय निबंधाचा इतिहास सांगताना आपण निबंधमालेपाशी सुरुवात करतो. चिपळूणकरांची निबंधमाला 1874ची. तिच्या 19 वर्षं आधी, 1855मध्ये, पुण्यातल्या फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातल्या 14 वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. या निबंधाला ‘दलित स्त्रीचं पहिलं लेखन’ असा मान देऊन आपण पुढे जातो. भाषाशिक्षकानं तो लेखनाचा नमुना म्हणून वाचायला हवा. ही मुलगी नुसती कैफियत मांडत नाही. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता, असा पेच ती टाकते. समोरच्याचंच म्हणणं मान्य करून त्याला त्याच्याच शब्दांत अडकवायचं, ही मुरलेल्या वादपटूची चाल आहे. पेशवाईतल्या छळाचे दाखले देते. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांचे हाल सांगते आणि तिथे वाचणाऱ्याला स्वतःच्या अनुभवावरून विचार करायला लावते. मग ती आपल्याच लोकांकडे वळून शिका म्हणून सांगते. म्हणजे एका निबंधात तिचे वाचक दोन आहेत. दोघांशी ती वेगळ्या आवाजात बोलते, आणि कोणाशी कधी बोलते आहे याचा घोळ कुठेही होत नाही.

हे कुठल्या टाचणातून आलं? 14 वर्षांच्या मुलीला सांगायचं होतं, ऐकणारा समोर होता आणि तिचं म्हणणं ऐकण्यालायक आहे असं मानणारे शिक्षक घरच्यासारखे जवळ होते. यातली एक गोष्ट जरी वजा केली तरी तो निबंध लिहिला गेला नसता असं मला वाटतं. आमच्या वर्गात तिन्ही वजा करून आम्ही 8 गुणांच्या निबंधाची अपेक्षा करतो.

इथे एक गोष्ट निकालात काढायला हवी. प्रयोगशील शाळांच्या वर्तुळात ‘मुलांना मोकळं लिहू द्या, साचे लादू नका’ हा मंत्र गेली तीस-चाळीस वर्षं घुमतो आहे. त्यानं पुष्कळ भलं झालं. पण 1980च्या दशकात सिडनीत गरीब वस्त्यांतल्या शाळांबरोबर काम करणाऱ्या जे. आर. मार्टिन, जोन रॉथरी वगैरे भाषाशास्त्रज्ञांनी या मंत्रावर बोट ठेवलं. मोकळं सोडलं की मुलं आपल्या आठवणी आणि गोष्टी लिहितात. अहवाल, युक्तिवाद, खुलासा हे प्रकार वर्गात येतच नाहीत. सुशिक्षित घरातली मुलं ते घरच्या वर्तमानपत्रातून, आई-बाबांच्या बोलण्यातून आपसूक उचलतात. बाकीची तशीच राहतात. अमेरिकेत लिसा डेल्पिट यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत हेच बजावलं: सत्तेच्या भाषेचे नियम कोणाला तरी उघड सांगावेच लागतात, न सांगणं हा मोकळेपणा नव्हे. मला हे पटतं. एसटीची फेरी बंद झाली म्हणून आगारप्रमुखाला लिहायचा अर्ज अंतःप्रेरणेनं येत नाही. मुक्ताबाईंनाही युक्तिवादाची घडण कुठून तरी मिळालेली होती.

म्हणजे नमुना हवा. तो पाठ करायला द्यायचा नाही, उसवून बघायला द्यायचा. खरा अर्ज घ्यावा, ग्रामपंचायतीच्या फायलीतला. पहिल्याच वाक्यात मागणी का आली? तारीख, बसचा क्रमांक, किती मुलांची शाळा बुडाली हे तपशील का घातले? ‘कृपावंत साहेब’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? दहा मिनिटं एवढं बोलून मुलांना स्वतःच्या गावचा अर्ज लिहायला लावावा आणि तो पाठवावा. पाठवावा यावर माझा भर आहे. उत्तर येईल न येईल, पण पाकिटावर खरा पत्ता घालताना मुलं आपणहून शुद्धलेखन विचारायला येतात.

ज्यांच्या घरात मराठी नाही त्यांच्यासाठी तर नमुना जास्तच लागतो. 2020च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली. मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घरी हिंदी, तमीळ, गुजराती बोलणारी मुलं मराठीची उत्तरं फळ्यावरून उतरवतात आणि त्याला लेखन म्हटलं जातं. मेळघाटात कोरकू बोलणारं मूल पहिलीतच हे करतं. या मुलांना आधी बोलायला मिळावं, मग त्यांनी बोललेलं शिक्षकानं त्यांच्यादेखत लिहून दाखवावं, आणि मग त्यांनी लिहावं. मधली पायरी गाळली की उरतं ते अनुलेखन.

शिक्षक लिहून दाखवणार, म्हणजे शिक्षकाला लिहिता यायला हवं. खरी पंचाईत इथे आहे. शिक्षकांच्या कार्यशाळेत मी सुरुवातीलाच सगळ्यांना पंधरा मिनिटं लिहायला सांगते. विषय साधा असतो, शाळेत खाल्लेला पहिला मार किंवा घरातली एखादी वस्तू जी आता नाही. क्षणभर शांतता. मग मागून ठरलेला आवाज येतो: ‘मॅडम, किती ओळी?’ दुसरा विचारतो, ‘मुद्दे देणार का?’ तिसऱ्या बाई हात पानावर आडवा धरून लिहितात, शेजारणीला दिसू नये म्हणून. वर्गात मुलं जे जे करतात ते सगळं दहा मिनिटांत घडतं. नंतर वाचून दाखवायची वेळ आली की आपल्या लेखनावर बोलू नये म्हणून लोक आधीच माफी मागून मोकळे होतात. वीस-वीस वर्षं निबंध शिकवणारी ही माणसं, पण नोकरी लागल्यापासून अर्ज आणि माहितीचे तक्ते यांपलीकडे त्यांनी काही लिहिलेलं नसतं. दुपारी त्यांना मुलांच्या वह्या दिल्या की शेऱ्यांची भाषा बदललेली असते. सकाळी आपल्या चार ओळींवर कोणी काय बोलावं असं वाटलं होतं, ते ताजं असतं.

या अनुभवावर अमेरिकेत एक आख्खी चळवळ उभी आहे. बर्कले विद्यापीठात जेम्स ग्रे यांनी 1974मध्ये बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट सुरू केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांतले शिक्षक एकत्र येत, एकमेकांना आपल्या वर्गातल्या युक्त्या दाखवत आणि स्वतः लिहीत. लेखन शिकवणाऱ्यानं लिहिलं पाहिजे, ही त्यातली अटच होती. आम्हाला यासाठी बर्कलेपर्यंत जायची गरज नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढत. 1928मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. मुलांना रोज सकाळी दिसत होतं की आपले मास्तर लिहितात, आपल्याविषयी लिहितात, आपल्यासाठी लिहितात. गुरुजींच्या भाषेतल्या हळवेपणाची थट्टा करणाऱ्यांनी एक दैनिक हातानं लिहून बघावं.

आपल्याकडे लेखन ही उपजत देणगी आहे, ती शिकवून येत नाही, असं मानायची पद्धत आहे. ना. सी. फडक्यांनी 1931मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीचं तंत्र समजावून सांगितलं, तर त्याबद्दल त्यांना टोमणेच जास्त ऐकावे लागले. गंमत म्हणजे त्यांच्याच कन्या लीला पाटील यांनी 1985मध्ये कोल्हापुरात सृजन-आनंद विद्यालय सुरू केलं आणि प्रतिभा सगळ्याच मुलांत असते असं धरून शाळा चालवून दाखवली. देणगीवाल्यांच्या म्हणण्यात शिक्षकाची मोठी सोय असते. मुलाला येत नसेल तर तो देवाचा दोष.

लिहून दाखवणं म्हणजे सुंदर निबंध आधी तयार करून फळ्यावर उतरवणं नव्हे. त्यानं मुलं आणखी दबतात. फळ्यावर एक वाक्य लिहावं, थांबावं, ‘हे बरोबर वाटत नाही’ म्हणावं, खोडावं, मुलांना विचारावं, वाक्य पुढचं मागे करावं. खोडाखोड ही मुलांना शिक्षा वाटते, कारण त्यांनी मोठ्या माणसाला खोडताना कधी पाहिलेलंच नसतं. वहीत खाडाखोड दिसली की गुण कापणाऱ्या शाळा अजून आहेत. दुसरा खर्डा नावाची गोष्ट त्या शाळांत कशी रुजणार?

साठ मुलांच्या वर्गात हे कसं करायचं, असा प्रश्न कार्यशाळेत हमखास येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. एका वहीला पाच मिनिटं धरली तरी साठ वह्यांना पाच तास लागतात, आणि त्या बाईंकडे असे तीन वर्ग असतात. वर निवडणुकीची कामं, माहितीचे तक्ते. शिक्के उगाच तयार झालेले नाहीत. माझं उत्तर असं की सगळं तपासायचंच नाही. आठवड्यातून दोनदा वर्गातच पंधरा मिनिटं लेखन व्हावं. त्यातल्या दहाच वह्या बाईंनी उचलाव्यात आणि प्रत्येकीवर एकच प्रश्न लिहावा. बाकीची मुलं एकमेकांचं वाचतील. मूल मुलाला ‘विस्तार कर’ म्हणत नाही, ते सरळ म्हणतं, ‘मग त्या करडाचं काय झालं?’

मुलांनी मिळून लिहिण्याची सगळ्यात चोख पद्धत मला इटलीत सापडली. तस्कनीच्या डोंगरातल्या बार्बियाना या खेड्यात लोरेन्झो मिलानी या पाद्र्यानं शाळेतून नापास होऊन बाहेर फेकल्या गेलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा चालवली. त्या शाळेतल्या आठ मुलांनी 1967मध्ये आपल्याला नापास करणाऱ्या शिक्षिकेला पुस्तकभर लांबीचं पत्र लिहिलं. मराठीत ‘प्रिय बाई’ या नावानं ते अनेक शिक्षकांनी वाचलं आहे. त्यातल्या संतापाबद्दल आपण बोलतो, पण ते कसं लिहिलं हेही त्यात सांगितलं आहे. प्रत्येकाच्या खिशात वही. सुचेल ती कल्पना वेगळ्या चिठ्ठीवर, कागदाच्या एकाच बाजूला. मग सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. दुहेरी आलेल्या काढायच्या, एका जातीच्या एकत्र करायच्या, गठ्ठ्यांची प्रकरणं करायची. पुढे शब्द न्‌ शब्द तपासून जास्तीचा काढून टाकायचा. शेवटी बाहेरच्या माणसांना, शक्यतो फार न शिकलेल्यांना, बोलावून मोठ्यानं वाचायला लावायचं आणि त्यांना समजतंय का ते बघायचं. वेळेचं बंधन नाही. या कामाला कागदाचे कपटे आणि एक सतरंजी पुरते. साठ मुलांच्या वर्गात आठ-आठ जणांचे गट करून गावातल्या पाण्यावर, शाळेच्या रस्त्यावर असं एक लेखन सत्रभरात सहज होतं, आणि बाईंपुढे साठाऐवजी सात-आठ खर्डे येतात.

आमच्याकडे याला सोयीची एक जुनी प्रथाही आहे, शाळेचं हस्तलिखित. पण त्यात आता सुवाच्य अक्षराची दोन मुलं कुठून तरी मिळवलेल्या कविता आणि सुविचार उतरवतात, चित्रकलेचे सर महिरप काढतात आणि अंक प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशित होऊन कपाटात जातो. शेळीवाल्या मुलीचं पान त्यात येत नाही, कारण तिचं अक्षर चांगलं नाही. तो अंक कपाटातून काढून गावातल्या चार घरांत फिरवला आणि त्या मुलीच्या आजीला वाचून दाखवला, तर मुलीला वाचक मिळतो आणि बाईंवरचा निम्मा भार कमी होतो.

प्रशिक्षणांत हे येत नाही, कारण आपली प्रशिक्षणं वरून खाली येतात. राज्यावरचा सुलभक जिल्ह्याला, जिल्ह्याचा तालुक्याला, आणि केंद्रावर पोचेपर्यंत हाती पीपीटी उरते. पण दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते. आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसतात, परिपत्रकं वाचतात, चहा घेतात. त्यातला एक तास मुलांच्या पाच वह्यांसाठी काढता येईल. लाल पेन पिशवीत ठेवायचं, वही मोठ्यानं वाचायची, आणि मूल इथे काय सांगू पाहतंय एवढंच बोलायचं. काही केंद्रप्रमुख हे करून बघायला तयार होतात. पहिल्या वेळी हटकून गप्पा अक्षरावर आणि घरच्या परिस्थितीवर घसरतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कोणीतरी म्हणतं, ‘थांबा, ही ओळ परत वाचा.’

दहावीचा प्रश्न तरीही उरतोच. मार्चमध्ये ती उत्तरपत्रिका एक अनोळखी परीक्षक उघडतो. त्याच्यासमोर गठ्ठा असतो, हातात गुणदान योजना असते, आणि त्यानं ती उत्तरपत्रिका वाचावी अशी अपेक्षा कोणीच केलेली नसते. तिथे आपला हात पोचत नाही. मात्र त्या 80 गुणांशिवायचे 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. ते शाळेच्या हातात असतात आणि बहुतेक ठिकाणी सरसकट 18-19 वाटले जातात. त्यातले काही गुण वर्षभरात तीनदा फिरवून लिहिलेल्या एका लेखनाला द्यायचे शिक्षकानं ठरवलं, तर त्यासाठी मंत्रालयातून शासननिर्णय यायची वाट बघावी लागत नाही.